माझ्यासमक्ष, स्वेच्छेने

आप्पासो चौगुल्यांनी सही केली. यंत्रातून बारीक 'टिक्' असा आवाज आला आणि पडद्यावर लाल आकडा उमटला. सव्वीस.

हेमांगी शिंत्रेने शिक्का हातात घेतला होता, तो तिने परत पॅडवर ठेवला.

"काय झालं मॅडम?" आप्पासोंनी कपाळावरून मागे गेलेली सेन्सरची पट्टी चाचपली. ती कंगव्यासारखी दिसायची, म्हणून कारखान्यात सगळे तिला कंगवाच म्हणत. "कंगवा नीट बसला न्हाई का?"

"बसलाय. पुन्हा एकदा करू या."

दुसऱ्यांदाही आकडा लालच आला, उलट आणखी खाली. शिक्का मारायला साठ तरी लागत.

"आप्पासो, मला शिक्का मारता येणार नाही."

"का बरं? सही माझीच हाय की. आधार दाखवलं, अंगठा दिला."

"सही तुमचीच आहे. पण ती तुम्ही मनाने केलेली नाही, असं यंत्र म्हणतंय."

मगदूम कास्टिंग्जच्या फेटलिंग विभागात आप्पासोंची उमेदीची वर्षं गेली होती. रेतीच्या साच्यातून निघालेल्या लोखंडी भागांवरचं जादा लोखंड घासून काढायचं, दिवसभर ठिणग्या आणि धूळ. आता त्या जागी यंत्रमानव येणार होते, आणि आप्पासोंच्या समोरच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'स्वेच्छानिवृत्ती अर्ज'.

"मन कशाला बघताय मॅडम?" ते हळू आवाजात म्हणाले. "महिनाअखेरीच्या आत कागद झाला न्हाई तर पॅकेज जातंय. नोकरी तर जाणारच हाय. मग माझ्या हातात काय राहिलं? मारा की शिक्का."

हेमांगीने मारला नाही. आप्पासो उठले, कंगवा काढून टेबलावर ठेवला आणि गेले. त्या दिवशी फेटलिंगची आणखी सात माणसं आली. सातही लाल.

हे यंत्र आलं त्याला कारण हेमांगीसारखीच माणसं होती. पूर्वी पगारी नोकराला नोटरी होता येत नसे. मग कायदा बदलला आणि मोठ्या कंपन्यांना स्वतःच्या आवारात नोटरी नेमायची मुभा मिळाली. करार, शपथपत्रं, जामीन, सगळं जागच्या जागी. यावर ओरड झाली. पगार मालकाचा आणि शिक्का सरकारचा, मग शिक्का कुणाच्या बाजूने पडणार? त्या ओरडीतून एक अट आली. कंपनीतल्या नोटरीने सही करणाऱ्याचा स्वेच्छांक मोजलाच पाहिजे.

स्वेच्छांकामागची कल्पना तशी साधी होती. माणसाला स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत. हात हलवायचा हुकूम देतानाच मेंदू त्या हुकमाची एक नक्कल जवळ ठेवतो आणि आता काय जाणवेल याचा अंदाज बांधतो. अंदाजाप्रमाणे घडलं की तो तिकडे फारसं लक्ष देत नाही. आवाजाचंही तसंच. आपणच बटण दाबून वाजवलेल्या आवाजाला मेंदू मंद प्रतिसाद देतो, दुसऱ्याने वाजवलेल्याला ठळक. गंमत पुढे आहे. माणसाला हुकूम सोडून बटण दाबायला लावलं, तर बोट त्याचं स्वतःचं असूनही मेंदू तो आवाज परक्याने वाजवल्यासारखा ऐकतो. मनाविरुद्ध केलेलं काम मेंदू आपलं मानतच नाही.

यंत्र एवढंच करायचं. सही पूर्ण झाली की एक टिक् वाजवायचं आणि मेंदूने तो आवाज आपला म्हणून ऐकला की परका म्हणून, हे कंगव्यातून टिपायचं. ते माणसाचं खोटं पकडत नव्हतं की विचार वाचत नव्हतं. सही कुणाची, एवढाच प्रश्न ते विचारायचं, आणि त्यावर घोकून उत्तर देता येत नसे.

हेमांगीला ते आवडलं होतं. कोर्टातली वकिली सोडून ती कागलच्या औद्योगिक वसाहतीत आली, तेव्हा बार रूममधल्या मित्रांनी तिला कंपनीची म्हणून चिडवलं होतं. यंत्र आल्यावर तिला जरा ताठ बसता येऊ लागलं. आज पहिल्यांदा तिला त्याची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी श्रेणिक मगदूमांनी तिला बोलावलं. वडिलांच्या पश्चात कंपनी तेच बघत. वयाने तिच्याएवढेच, बोलायला सौम्य.

"बसा मॅडम. चहा घेणार?"

"नको."

"मी कुणावर जबरदस्ती करतोय असं वाटतं का तुम्हाला? खरं सांगा."

"मला काय वाटतं ते सोडा सर. यंत्र..."

"यंत्राचं कळलं मला. इंजिनचे ब्लॉक आता कुणाला नकोत. गाड्या बॅटरीवर गेल्या. जे काम उरलंय ते यंत्रमानवाने केलं तरच परवडतं. मी पॅकेज देतोय ते कायद्यापेक्षा जास्त आहे. तुम्ही शिक्का मारला नाहीत तर मला कामगार कपात करावी लागेल, आणि त्यात त्यांना निम्मंसुद्धा मिळणार नाही. मग तुमच्या लाल आकड्याने कुणाचं भलं झालं?"

आदल्या दिवशी आप्पासोंनी हेच विचारलं होतं, फक्त शब्द वेगळे.

"पुण्याच्या एका सल्लागाराशी बोललोय मी," श्रेणिक म्हणाले. "तो म्हणतो, काही बेकायदा न करता हे सुटेल."

सुटलंही. पुढच्या आठवड्यात आप्पासो पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या हातातला कागद बदललेला होता. आता त्यात तीन पर्याय होते. पहिला, स्वेच्छानिवृत्ती आणि पॅकेज. दुसरा, तमिळनाडूतल्या कारखान्यात बदली. तिसरा, यंत्रमानव दुरुस्तीचं वर्षभराचं प्रशिक्षण, शेवटी परीक्षा, नापास झाल्यास पॅकेज नाही. निवड करायला चार दिवस दिले होते. पॅकेज एकरकमी हवं की हप्त्याने, निरोप समारंभ कुठल्या वारी, हेही विचारलं होतं.

आप्पासोंनी पहिल्या पर्यायापुढे खूण केली, सही केली. टिक्.

हिरवा. एकोणऐंशी.

हेमांगीने शिक्का मारला. शिक्क्याखाली छापलेलं वाक्य तिने सवयीने वाचलं, 'सदर व्यक्तीने माझ्यासमक्ष, स्वेच्छेने सही केली आहे.' मग तिला राहवलं नाही.

"आप्पासो, आज मनापासून केलीत सही?"

"व्हय की. तमिळनाडूत काय करायचं मी? आन परीक्षा या वयात?" ते चक्क हसले. "मागच्या टायमाला ढकलून काढल्यासारखं वाटलं. आज आपलं आपण ठरवलं बघा. जरा हलकं वाटतंय."

ते गेले. मागोमाग बाकीचे आले. सगळे हिरवे. माणसं तीच होती, जाणार होती तिथेच जाणार होती, पॅकेजमध्ये एक रुपयाचा फरक नव्हता. त्यांचे मेंदू तेवढे वेगळं ऐकू लागले होते. यंत्र चुकत नव्हतं, आणि त्यामुळेच हेमांगीला जेवणाच्या सुट्टीत डबा उघडवेना.

त्या शनिवारी ती यंत्र घरी घेऊन आली. सोमवारी परस्पर कंपनीच्या हलकर्णी शाखेत जायचं होतं, म्हणून. तिचा नवरा पराग तंत्रनिकेतनात शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून बोलावणं आलं होतं. त्याच महिन्यात हेमांगीची नोटरी म्हणून नेमणूक झाली आणि पराग म्हणाला, राहू इथेच. तेव्हापासून तो विषय घरात निघाला नव्हता.

रविवारी सकाळी कसबा बावड्यातल्या नव्या फ्लॅटचा करार दोघांना सही करून पाठवायचा होता. परागने टेबलावरचा कंगवा उचलला आणि गमतीत डोक्याला लावला.

"बघू तरी आम्ही किती स्वेच्छेने फ्लॅट घेतो ते."

"अरे, ठेव. खेळणं नाही ते."

"घाबरतेस काय? चालू कर."

तिने यंत्र चालू केलं. मेंदू आपला आवाज कसा ऐकतो ते यंत्राला कळावं म्हणून सहीआधी बटणं दाबण्याची एक चाचणी असे, ती त्याच्याकडून करून घेतली. मग परागने पॅडवर सही केली. सही करताना तो काहीतरी विनोद करत होता. टिक्.

एकवीस.

पराग पडद्याकडे बघून हसला आणि मग त्याचं हसणं थांबलं. "बिघडलंय वाटतं."

हेमांगीने पडद्यावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"असं बघू नकोस माझ्याकडे. फ्लॅट मला आवडलाय. मीच शोधलाय."

"फ्लॅट आवडलाय. पण इथे राहायचं नाहीये तुला."

"मी हो म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस. मी नेमणुकीचं पत्र हातात घेऊन तुझ्यासमोर उभी होते. दुसरं काय म्हणणार होतास?"

"मग आता काय करायचं?" परागने कंगवा काढला. आठवडाभर ती त्याला कारखान्यातलं सांगत होती, ते त्याने नीट ऐकलं होतं. "मलाही तीन पर्याय देणार का?"

तो उठून गॅलरीत गेला. करार तसाच राहिला. त्या दिवशी दोघं एकमेकांशी फार जपून बोलली. भाजी कुठली करू, हे विचारतानाही हेमांगी अडखळू लागली. आपण विचारतोय की ठरवून सांगतोय, हे तिचं तिलाच कळेना.

महिना संपायच्या आत कंपनीत दुसरा कागद आला. फेटलिंगमध्ये काम केलेल्या सगळ्यांनी, सेवेत असोत वा निवृत्त, सही करायची होती. फुफ्फुसात रेतीची धूळ साचून होणाऱ्या आजाराबद्दल यापुढे कंपनीकडे दावा करणार नाही, असा त्याचा आशय होता. यातही तीन पर्याय होते. आत्ता एक ठरावीक रक्कम घ्यायची, किंवा पाच वर्षांचा आरोग्य विमा, किंवा कुटुंबातल्या एकाला कंपनीत कंत्राटी नोकरी. तिन्हींच्या शेवटी दावा सोडल्याचं वाक्य एकच.

हेमांगी कागद घेऊन श्रेणिक मगदूमांकडे गेली.

"सर, यांची छाती तपासली आहे का कुणी?"

"ज्याला तपासायची त्याने तपासावी. कोण अडवतंय?"

"मग तपासणी हा चौथा पर्याय म्हणून लिहा."

"मॅडम, पर्याय काय द्यायचे ते कंपनी ठरवते. तुमचं काम सही बघायचं. आकडा हिरवा आला तर शिक्का मारायचा, लाल आला तर नाही. मी तुमच्या कामात कधी बोललोय?" ते थांबले, मग आवाज आणखी मऊ करून म्हणाले, "तुम्ही दमलाय, दिसतंय मला. एक करू या. तुम्हाला हलकर्णीला जायचं असेल तर तिकडे जा, तिथे काम कमी आहे. इथेच विधी विभागाच्या प्रमुख व्हायचं असेल तर ते करू. नाहीतर आहे तसंच चालू ठेवा, दोन महिने रजा घ्या. तुम्ही ठरवा. मला घाई नाही."

हेमांगी विचार करू लागली. विभागप्रमुख झालं तर असे कागद मुळातच अडवता येतील. पण रजा घेतली तर परागबरोबर बसून नीट बोलता येईल. हलकर्णी नको, फार आडबाजूला. म्हणजे रजा किंवा प्रमुखपद. तिच्या खांद्यांवरचा ताण उतरू लागला. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

हलकं. आप्पासोंनी हाच शब्द वापरला होता.

ती खुर्चीवरून इतकी झटकन उठली की श्रेणिकही दचकले.

"सांगते सर," एवढंच म्हणून ती बाहेर आली.

खोलीत येऊन तिने नोटरीच्या नियमांची पुस्तिका काढली. ती तिला जवळजवळ पाठ होती, पण आज प्रत्येक ओळ ती संशयाने वाचत गेली. सही करणाऱ्याचं तोंडी निवेदन नोटरीने त्याच्याच शब्दांत शिक्क्याच्या वर लिहून घ्यावं आणि ते दस्ताचा भाग मानलं जावं, असा एक नियम होता. मुख्यतः अशिक्षितांसाठी केलेला. पण फक्त त्यांच्यासाठीच, असं कुठे म्हटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिले आले ते आप्पासो. त्यांनी रकमेच्या पर्यायावर खूण केली होती. कंगवा लावायला हात वर केला, तसं हेमांगीने त्यांना थांबवलं.

"आधी एक विचारते. या तीन पर्यायांत नसलेलं काही हवंय का तुम्हाला?"

"म्हंजे?"

"म्हणजे हा कागद बाजूला ठेवा. तुम्हाला काय हवंय?"

आप्पासोंनी कागदाकडे पाहिलं, मग दाराकडे. "त्यात लिहिलेलंच मिळणार न्हवं?"

"मिळेल की नाही ते मला सांगता येत नाही. तुम्ही बोलाल ते मी लिहीन."

आप्पासो घसा खाकरत राहिले. हेमांगीला वाटलं, आपण त्यांना उगाच कोंडीत पकडलं. मग ते म्हणाले, "जिना चढताना दम लागतोय, मॅडम. दोन वर्सं झाली. आधी छातीचा फोटो काढा म्हणावं. मग बघू कुठं सही करायची ती."

हेमांगीने ते जसंच्या तसं लिहिलं, वाचून दाखवलं, खाली त्यांची सही घेतली. टिक्. अठ्ठ्याऐंशी. तिने शिक्का मारला.

त्या दिवशी जे आले त्या सगळ्यांना तिने तोच प्रश्न विचारला. एकाला खरोखरच विमा हवा होता, दुसरं काही नको. त्याचं तसं लिहिलं. एकजण चिडला, म्हणाला, मॅडम, कशाला आशेला लावता? एकाने नुसतं 'मला काम हवंय' असं सांगितलं आणि खाली मान घालून बसला. पण बहुतेकांना छातीचा फोटो हवा होता. शिक्का मारलेल्या त्या कागदांचा कंपनीला काही उपयोग उरला नाही. आधी तपासणी हवी असं जिच्या वरच लिहिलंय, त्या दावामाफीला कुठलं कोर्ट विचारणार?

श्रेणिक संध्याकाळी स्वतःच तिच्या खोलीत आले. कागदांचा गठ्ठा चाळला.

"तुम्ही नियम मोडलेला नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मी चिडलेलो नाही मॅडम. पण मला असा नोटरी परवडत नाही. पुढच्या महिन्यापासून आपला करार संपवू या." दारापाशी ते थबकले. "माझ्या वडिलांनी स्वतः फेटलिंग केलंय. खोकून खोकून गेले. त्यांनी कधी फोटो काढला नाही." मग त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

इतक्या जणांची मागणी शिक्क्यानिशी नोंदली गेल्यावर तपासणी शेवटी कंपनीला करावीच लागली. आप्पासोंच्या फोटोत डाग निघाले. त्यांनी हेमांगीला फोन केला नाही. त्यांच्या मुलीने केला, आणि पहिलं वाक्य आभाराचं नव्हतं. "बाबा जेवत न्हाईत मॅडम, तुम्ही विचारलंत तेव्हापासनं," ती म्हणाली. "आता दावा कसा लावायचा तेवढं सांगा." हेमांगीने तो दावा घेतला. कोर्टाच्या आवारात तिने पुन्हा जुन्या जागी टेबल मांडलं. नोटरीचा परवाना होताच. यंत्र मात्र कंपनीचं होतं, ते परत गेलं.

घरी तिने परागलाही तोच प्रश्न विचारला होता. चार दिवसांनी भांडी घासता घासता तो म्हणाला, "मला पुण्याला जाऊन बघायचंय. एकट्याने. कायमचं की काय, ते माहीत नाही." फ्लॅटचा करार रद्द झाला. संस्थेत अजून जागा होती.

तो निघाला त्या सकाळी हेमांगी मध्यवर्ती बसस्थानकावर पोचवायला गेली. बस लागलेली होती. पराग बॅग आत ठेवून खाली आला.

"तू काहीच बोलली नाहीस," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"हेच. महिनाभर काहीही विचारलं तरी 'तुझं तू ठरव.' जाऊ का, तुझं तू ठरव. कधी येऊ, तुझं तू ठरव. भाजीसुद्धा."

"तुझ्यावर दबाव नको म्हणून."

"ते कळलंय मला. पण तू अशी गप्प राहिलीस की मी कुणाला सोडून जातोय, तेच कळत नाही."

कंडक्टरने दारात उभं राहून पुणे, पुणे अशी हाक दिली. बोललं तर ते ओझं होणार होतं, हे हेमांगीला पक्कं ठाऊक होतं. ते ओझं उचलायचं की टाकायचं, हे मात्र त्याच्या हातात होतं.

"मला तू इथे हवा आहेस," ती म्हणाली. "तू परत यावंस असं मला वाटतं. नाही आलास तर मी चिडेन. खूप चिडेन."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"आधी सांगितलं असतं तर तू गेला नसतास."

"नसतो गेलो," तो म्हणाला.

मग तो बसमध्ये चढला. खिडकीची जागा मिळाली होती त्याला. बस मागे सरकून वळली, तेव्हा तो काचेतून तिच्याकडे बघत होता, पण काचेवर ऊन पडलं होतं आणि त्याचा चेहरा तिला नीट दिसला नाही.

गाडी रस्त्याला लागेपर्यंत ती थांबली आणि तिथूनच कोर्टाकडे निघाली. आप्पासोंची मुलगी कागद घेऊन येणार होती.